साम्राज्य गेल्यावर मागे काय उरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साम्राज्याचा ऱ्हास नेमका कधीपासून धरायचा?

शेवटाची तारीख मिळते, सुरुवातीची मिळत नाही. तुर्कांची ऑटोमन सल्तनत १ नोव्हेंबर १९२२ रोजी रद्द झाली. पण १७७४ मध्ये कुचुक कैनार्जाच्या तहात रशियापुढे नमून तिने क्रिमियाच्या खानावरचं वर्चस्व सोडलं, तेव्हाच तिचे हातपाय गार पडायला लागले होते. म्हणजे जवळपास दीडशे वर्षांचं आजारपण. मुघलांचंही तसंच. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि नावापुरती उरलेली बादशाहीसुद्धा संपायला १८५७ उजाडलं. उलट सोव्हिएत संघ ऑगस्ट १९९१ च्या फसलेल्या बंडानंतर चार-पाच महिन्यांत नकाशावरून पुसला गेला.

पुढच्या भांडणांचा तोंडवळा बराचसा या वेगावर ठरतो. रेंगाळत मरणाऱ्या साम्राज्याच्या उशाशी वारसदार आणि शेजारी दोघंही बसलेले असतात आणि वाटणी श्वास चालू असतानाच सुरू होते. जे झटक्यात जातं त्याचं मृत्युपत्र नसतं. मग कपाटात जे कागद सापडतील तेच मृत्युपत्र म्हणून वाचले जातात.

म्हणजे साम्राज्य होतं तेव्हा शांतता होती, असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांचा संहार झाला तो ऑटोमन साम्राज्याच्या हयातीतच, त्याच्याच हुकमाने. बेल्जियमच्या राजाच्या खासगी मालकीच्या काँगोत रबरासाठी जे झालं, त्याला शांतता म्हणणं क्रूर ठरेल.

पण साम्राज्याकडे एक गोष्ट असायची: भांडण वर नेण्याची जागा. दोन गावांचा, दोन जमातींचा, दोन सुभेदारांचा तंटा शेवटी राजधानीत जायचा. निकाल लाच खाऊन लागत असेल, पक्षपाती असेल, पण लागायचा. साम्राज्यातली प्रत्येक अंतर्गत हद्द, सवलत, कालवा हे सगळं ‘वर कोणीतरी बसलंय’ हे धरून आखलेलं असतं. मग एक दिवस वरचा उठून जातो. निवाडे तसेच राहतात आणि निवाडा करणाराच नसतो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

पण ही वैरं तर शेकडो वर्षांची असतात ना? साम्राज्याचा त्यात काय संबंध?

बातम्यांमध्ये हे वाक्य फार चालतं, कारण ते म्हटलं की पुढे काही शोधायची गरज उरत नाही. रवांडाचं उदाहरण घ्या. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच डोंगरावर शेजारी राहत, त्यांच्यात लग्नं होत. हा भेद जुना होता खरा, पण काही प्रमाणात तो दर्जाचा आणि गुराढोरांच्या मालकीचा होता, आणि माणूस एका गटातून दुसऱ्यात जाऊही शकत असे. १९३० च्या दशकात बेल्जियन प्रशासनाने जनगणना करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर गट छापला आणि तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. बेल्जियन १९६२ मध्ये गेले, ओळखपत्रं राहिली. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर हीच ओळखपत्रं पाहून माणसं मारली गेली. वैर होतं का? होतं. पण ते कुणाशी, हे त्या कार्डावरच्या रकान्याने पक्कं केलं होतं.

दुसरं उदाहरण १९२३ चं. ग्रीस आणि तुर्कस्तानने एकमेकांत लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एकीकडे, साडेतीन ते चार लाख मुसलमान दुसरीकडे. कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हे. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे आणि तीच तुर्की ग्रीक लिपीत लिहिणारे करमनली लोक ‘ग्रीक’ म्हणून ग्रीसला पाठवले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ म्हणून अनातोलियात आले. ऑटोमन कारभारात धार्मिक समाजांची नोंद ‘मिल्लत’ म्हणून होत असे, वैयक्तिक कायदा आणि धर्मगुरूंच्या अधिकारासाठी. साम्राज्य बुडाल्यावर त्याच खतावणीवरून राष्ट्रं कापली गेली.

लेबनॉनमध्ये तर शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ची, फ्रेंच मँडेटच्या, म्हणजे राष्ट्रसंघाने फ्रान्सकडे सोपवलेल्या कारभाराच्या काळातली. तिच्यावरून संसदेत ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या जागा सहास पाच अशा ठरल्या. हे प्रमाण समसमान करायला १९८९ चा ताइफ करार लागला, आणि त्याआधी चौदा वर्षांचं यादवी युद्ध. नवी जनगणना अजूनही झालेली नाही. आकडे मोजले तर काय होईल, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मध्यपूर्वेच्या सीमा सायक्स आणि पिको यांनी नकाशावर पट्टी ठेवून आखल्या, हे खरं का?

अर्धवट. ब्रिटनच्या सायक्स आणि फ्रान्सच्या पिको यांनी १९१६ मध्ये ठरवलेला गुप्त करार खरा, आणि वर्षभराने बोल्शेविकांनी तो छापून टाकला म्हणून जगाला कळला हेही खरं. पण त्यातली रेषा आणि आजच्या सीमा एकावर एक ठेवून पाहा, जुळत नाहीत. मोसुल त्या करारात फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात होतं, आज ते इराकमध्ये आहे. पॅलेस्टाइन आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहणार होतं, प्रत्यक्षात तिथे ब्रिटिश मँडेट आलं. आजच्या सीमा १९२० च्या सान रेमो परिषदेपासून पुढची काही वर्षं चाललेल्या घासाघिशीतून आणि लढायांतून निघाल्या. १९२३ च्या लोझानच्या तहाआधी तुर्की नेता मुस्तफा केमालच्या फौजांनी अनातोलियात जे जिंकलं, त्याचा वाटा त्यात कोणत्याही गुप्त कलमापेक्षा मोठा.

माझ्या मते रेषेपेक्षा घातक ठरली ती वचनं. १९१५ मध्ये कैरोतल्या ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमाहनने मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं, त्यात कोणता प्रदेश वगळला हे इतक्या मोघम शब्दांत लिहिलं की त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद झडला. पुढच्या वर्षी तोच मुलूख फ्रान्सबरोबर वाटून घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, बाल्फोर जाहीरनाम्यात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय वसतिस्थानाला पाठिंबा दिला. एका जमिनीची तीन साठेखतं, आणि जमीन अजून विकणाऱ्याच्या ताब्यातही नव्हती.

कुर्दांचं साठेखत तर चौथं. १९२० च्या सेव्रच्या तहात त्यांच्या स्वायत्ततेची आणि पुढे स्वातंत्र्याच्या शक्यतेची कलमं होती. तो तह अमलात आलाच नाही आणि १९२३ च्या लोझानच्या तहात कुर्दांचा उल्लेखही उरला नाही. तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांत विखुरलेले कुर्द तो रद्द झालेला कागद आजही विसरलेले नाहीत.

मुघल साम्राज्याच्या बाबतीतही असंच झालं का?

हो. हे उदाहरण मराठी वाचकाला जवळचं, तरी या नजरेने आपण ते फारसं पाहत नाही. १७१९ मध्ये मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या त्या बादशहाकडून. त्याच सहा सुभ्यांचा सुभेदार निजाम-उल-मुल्क, आणि त्याचंही पद बादशहाचंच. म्हणजे एकाच महसुलावर दोन हक्क, दोन्ही कायदेशीर, दोन्ही एकाच शिक्क्याचे. दिल्लीत जोर असता तर एक फर्मान सुटून प्रकरण मिटलं असतं.

तो जोर नव्हता. मग निजामाने काय केलं, तर शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यातला खरा वारस कोण याचा निवाडा सुभेदार या नात्याने मी करीन, तोवर चौथाई थांबवतो, असा पवित्रा घेतला. लवादाची रिकामी खुर्ची बघून तो स्वतःच तिच्यात बसायला निघाला होता. उत्तर पालखेडला मिळालं, १७२८ मध्ये, आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याला चौथाई-सरदेशमुखी मान्य करावी लागली. प्रश्न मिटला का? १७९५ मध्ये खर्ड्याला पुन्हा रणांगण पेटलं ते थकलेल्या चौथाईवरूनच.

गंमत म्हणजे बादशहाला कुणीच नाकारत नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा १८३५ पर्यंत शाह आलमच्या नावाची नाणी पाडत होती, आणि तो तर १८०६ मध्येच वारला होता.

सोव्हिएत संघ हे तर साम्राज्य नव्हतं. मग त्याचं उदाहरण का देतात?

नाव काय द्यायचं यावर वाद घाला, यंत्रणा तीच होती. पंधरा प्रजासत्ताकं, त्यांच्या पोटात स्वायत्त प्रदेश, आणि सगळ्यांच्या वर मॉस्को. जुलै १९२१ मध्ये बोल्शेविक पक्षाच्या कॉकेशस ब्युरोने ठरवलं की आर्मेनियन बहुसंख्येचा नागोर्नो-काराबाख अझरबैजानात राहील, पण त्याला स्वायत्तता असेल. मॉस्को एक आहे तोवर ही हद्द दोन तालुक्यांमधल्या हद्दीसारखी होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये काराबाखच्या सोव्हिएतने, म्हणजे तिथल्या प्रादेशिक सभेने, आर्मेनियात जाण्याचा ठराव केला. मॉस्को डळमळू लागलं होतं, आणि बघता बघता ती तालुक्याची हद्द युद्धाची आघाडी झाली. १९९४ ला शस्त्रसंधी, २०२० ला ४४ दिवसांचं युद्ध, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या कारवाईनंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांनी आठवडाभरात घरं सोडली.

क्रिमियाचंही मूळ असंच साधं दिसतं. १९५४ मध्ये तो रशियन प्रजासत्ताकाकडून युक्रेनियन प्रजासत्ताकाकडे गेला. तेव्हा हा एकाच देशातला कारभाराचा फेरफार होता. डिसेंबर १९९१ मध्ये अल्मा-आत्याला जमलेल्या प्रजासत्ताकांनी एकमेकांच्या विद्यमान सीमा मान्य केल्या. २०१४ मध्ये रशियाने त्या मोडल्या. १९५४ चा कागद तिथे निमित्त होता. मोडण्याचा निर्णय २०१४ चा आणि तो घेणाऱ्यांचा.

सीमा आणि लोक यांच्याबद्दलच बोललं जातं. याखेरीज काही?

पाणी. आणि याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

साम्राज्य नदीकडे उगमापासून मुखापर्यंत एकच नदी म्हणून बघतं, कारण सगळा काठ त्याचाच असतो. धरण वर, शेती खाली, वीज तिसरीकडे. नारिन नदीवरचं तोक्तोगुल धरण किर्गिझ प्रजासत्ताकात बांधलं ते खालच्या उझबेक आणि कझाक कापसासाठी. उन्हाळ्यात पाणी सोडायचं आणि हिवाळ्यात त्या बदल्यात खालच्यांनी कोळसा, गॅस द्यायचा, हा हिशेब मॉस्कोत बसत होता. १९९१ नंतर गॅसचं बिल बाजारभावाने यायला लागलं. किर्गिझस्तानने मग हिवाळ्यातच पाणी सोडून वीज करायला सुरुवात केली. परिणाम असा की खाली हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कापसाला टंचाई. धरण तेच, पाणी तेच, फक्त हिशेबनीस गेला.

फरगाना खोऱ्यात तर हे गावपातळीवर उतरलं. एप्रिल २०२१ मध्ये किर्गिझ-ताजिक सीमेवर गोलोव्नोय या पाणी वळवण्याच्या ठिकाणी पाळत ठेवणारा कॅमेरा बसवण्यावरून दगडफेक झाली, मग गोळीबार, आणि काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसं गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये शंभरहून अधिक. सीमा कोणत्या सालच्या सोव्हिएत नकाशावरून धरायची यावरच एकमत नव्हतं. एका बाजूच्या हातात एका दशकाचा नकाशा, दुसरीच्या हातात दुसऱ्याचा. शेवटी १३ मार्च २०२५ रोजी दोन्ही देशांनी सीमाकरारावर सह्या केल्या.

सिंधू खोऱ्यातही तीच कथा आधी घडली होती. पंजाबचे कालवे एक प्रांत धरून खोदलेले. १९४७ च्या रेषेने पाणी सोडणारी मुख्य कामं भारतात ठेवली आणि बरीच शेतं पाकिस्तानात. तात्पुरत्या कराराची मुदत संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाणी बंद केलं. ते महिन्याभरात पुन्हा सुरू झालं, पण वाटणी पक्की व्हायला १९६० चा सिंधू जलकरार यावा लागला, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने. हा करार तीन युद्धांतून तगला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं.

आणि नाईल. १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी वाटून दिलं, त्याचा पाया १९२९ मध्ये ब्रिटनने आपल्या वसाहतींच्या वतीने इजिप्तशी केलेला करार. ज्या इथिओपियातून बहुतांश पाणी येतं, तो दोन्ही वेळा बैठकीत नव्हता. त्याने निळ्या नाईलवर बांधलेल्या मोठ्या धरणाचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. इजिप्त जुना करार दाखवतो, इथिओपिया म्हणतो त्यावर आमची सही कुठे आहे?

आफ्रिकेतल्या सीमा इतक्या वाईट आखल्या होत्या, तर स्वतंत्र झाल्यावर त्या बदलल्या का नाहीत?

कारण एक बदलली की सगळ्याच उघड्या पडल्या असत्या. जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठरवलं की स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमा पाळायच्या. सोमालिया आणि मोरोक्को यांना ते मान्य नव्हतं. सोमालियाने १९७७ मध्ये ओगादेन या प्रदेशासाठी इथिओपियावर स्वारी केली आणि हरला. तरी एकंदरीत हा ठराव टिकला, आणि देशादेशांतली युद्धं खंडात तुलनेने कमी झाली. मोबदला म्हणून भांडणं सीमेच्या आत वळली: काँगोत काटांगा, नायजेरियात बियाफ्रा, आणि सुदान. हा सौदा चांगला की वाईट, यावर मी स्वतः अजून एका बाजूला झुकलेलो नाही.

घाईने निघून गेलेलं साम्राज्य जास्त नुकसान करतं का?

बहुधा. फाळणीच्या रेषा आखायला सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आला, त्याआधी तो इथे कधी आलेला नव्हता. त्याच्या रेषा १७ ऑगस्टला जाहीर झाल्या, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नसताना लोकांनी झेंडे फडकवले. बंगालकडची एक जुनी गाठ तर तशीच राहिली: भारत आणि आजचा बांगलादेश यांची एकमेकांच्या पोटातली १६२ छिटमहालं, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेले जमिनीचे तुकडे. ती ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, ६८ वर्षांनी.

बाहेरच्या सत्ता अशा प्रदेशात का घुसतात?

रिकामी खुर्ची दिसते म्हणून. निमित्त मात्र जवळपास नेहमी एकच असतं: ‘तिथल्या आमच्या माणसांचं रक्षण’. कुचुक कैनार्जाच्या तहातल्या चर्चविषयक कलमांचा रशियाने असाच विस्तृत अर्थ लावला आणि १८५३ मध्ये क्रिमियन युद्धाच्या तोंडाशी तेच कारण होतं. २००८ च्या आधी अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियात रशियन पासपोर्ट वाटले गेले. आधी माणसं आपली करायची, मग त्यांच्या रक्षणाला जायचं.

सगळं खापर जुन्या साम्राज्यावर फोडलं तर चालेल का?

नाही. वारशात मिळालेली बंदूक भिंतीवर टांगून ठेवता येते. रवांडात बेल्जियन गेल्यावर पुढची तीन दशकं ओळखपत्रावरचा रकाना पुसायला कुणी अडवलं नव्हतं. रकाना उपयोगी होता म्हणून ठेवला.

कुठे सगळं शांतपणे मिटलं आहे का?

आहे, आणि तिथे लवादाची खुर्ची कुणीतरी भरलेली दिसते. रशियन साम्राज्य फुटल्यावर स्वीडिश भाषकांची आलांड बेटं कुणाची, हा प्रश्न राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये सोडवला: बेटं फिनलंडची, भाषा आणि स्वायत्तता बेटांची, लष्कर कुणाचंच नाही. अजून टिकलंय. दक्षिण टायरोल ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलं, तिथे साठच्या दशकात बाँब फुटत होते. १९७२ च्या स्वायत्ततेनंतर तेही थंडावलं आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद संपल्याचं कळवलं. बकासी द्वीपकल्पावर नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यात चकमकी झाल्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये १९१३ च्या ब्रिटिश-जर्मन करारावरून ते कॅमेरूनला दिलं. नायजेरिया चडफडला, पण २००८ पर्यंत त्याने ताबा सोडला.

म्हणजे जुना नकाशा न्यायालयात चालतो?

चालतो, आणि कधीकधी ज्या कारणाने चालतो ते वाचून हसू येतं. सयाम आणि फ्रेंच इंडोचायना यांच्यातल्या १९०४ च्या तहात सीमा पाणलोटाच्या धारेने जाईल असं लिहिलं होतं. १९०७ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी जो नकाशा काढला त्यात प्रेआह विहेअरचं मंदिर कंबोडियाच्या बाजूला पडलं. सयामने हरकत घेतली नाही. उलट आपल्या प्रांताधिकाऱ्यांना पाठवायला त्या नकाशांच्या आणखी पंधरा-पंधरा प्रती मागून घेतल्या. फ्रेंच गेल्यावर थायलंड म्हणू लागलं की धार पाहा, मंदिर आमचं. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं, कारण इतकी वर्षं गप्प राहिलात म्हणजे नकाशा मान्य केलात.

मंदिराचा निकाल लागला, भोवतालच्या जमिनीचा संदिग्ध राहिला. २००८ ते २०११ मध्ये तिथे गोळीबार झाले, २०१३ मध्ये न्यायालयाला आपल्याच निकालाचा अर्थ पुन्हा सांगावा लागला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच सरहद्दीवर पाच दिवस तोफा आणि विमानं चालली. कंबोडिया आजही फ्रेंचांचा तो नकाशा पुढे करतो, थायलंड आपला वेगळा.